अजमलभाईंची दोन मशिनं

अजमलभाई मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा बाकीच्यांसारखा टेपरेकॉर्डर आणला नाही. एक लांब दांडी आणली. तिच्या खालच्या टोकाला थाळीएवढं गोल कडं, वर एक डबा आणि डब्यातून कानापर्यंत जाणारी वायर. तिकडे ते पाण्याच्या लाइनवर कामाला होते. वाळूखाली गेलेली लोखंडी झाकणं शोधायची, हे त्यांचं काम. जुनी मशिनं मोडीत निघाली तेव्हा त्यांनी एक मागून घेतलं.

महाडात या मशीनचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग शेजारणीची कानातली कुडी अंगणात पडली. सगळं घर शोधून थकलं होतं. अजमलभाईंनी ती चहा निवायच्या आत काढून दिली. तिथून लोक बोलवायला लागले. कोणाची अंगठी सवच्या गरम कुंडाजवळ घसरलेली, कोणाच्या ट्रकची चावी पोलादपूरच्या नाक्यावर चिखलात गेलेली. आधी महाडातले, मग वाड्यावस्त्यांवरचे लोक येऊ लागले.

मी तोवर कामातून मोकळा झालो होतो. जन्मभर पाइपलाइनची खोदाई केली. औद्योगिक वसाहतीकडे जाणारी लाइन असो की गावातली, कुदळ माझ्या हातात होती. अजमलभाईंची कंबर मस्कतने खाल्ली होती, माझे कान खडी फोडायच्या यंत्राने. म्हणून ते ऐकायचे आणि मी खणायचो. त्यांच्या पत्नी शरिफाभाभी म्हणायच्या, दोघांचा मिळून एक धड माणूस होतो, तोही जेवायला दोघांचं जेवतो.

अजमलभाईंची एक सवय मला पहिल्यापासून दिसली. वस्तू मिळाली नाही तर ते "हितं नाय" असं कधी म्हणत नसत. "मला गावलं नाय," एवढंच म्हणून मशीन खांद्यावर टाकत. मला तो फरक कळत नव्हता. न मिळालेली वस्तू न मिळालेलीच. माझा हिशेब खड्ड्यांचा होता. फुकट खणलेला खड्डा कामाच्या खड्ड्यापेक्षा जास्त दुखतो, हे खोदाईवाल्याला कोणी सांगावं लागत नाही.

आणि फुकटचे खड्डे फार होते. ते मशीन सतत गुणगुणायचं. खाली धातू आला की सूर चढायचा. पण आमच्याकडच्या तांबड्या मातीवर तो तसाही चढायचा. कातळावर चढायचा, खिळ्यावर चढायचा. खाली सोनं आहे की बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा, ते खणल्यावरच कळे. बहुतेक वेळा धावेचा तुकडाच निघे. अजमलभाई तो धुऊन घरी आणत. फाळाची टोकं, नाल, गंजलेली कुलपं, भोकाचे पैसे अशा वस्तूंनी त्यांच्या पडवीतलं एक खोकं भरलं होतं. संध्याकाळी एखादी वस्तू हातात फिरवत बसायचे. इथे घोडा कशाला आला असेल, हे कुलूप कोणत्या दाराचं, असं विचारायचे. मला विचारून काय उपयोग? मला ती वस्तू किती खोल होती तेवढंच आठवे.

अठ्ठ्याण्णव साली जूनअखेर त्यांचा पुतण्या शोएब दुबईहून सुट्टीवर आला आणि चाचांसाठी नवं मशीन घेऊन आला. वजनाने निम्मं. दांडीवर घड्याळासारखी काच, काचेत आकडा उठायचा. लोखंडाला एक आकडा, चांदीला दुसरा, सोन्याला तिसरा. मातीचा आवाज बंद करायची सोय होती. लोखंडही गप्प करता येई. शोएबने सांगून टाकलं की आवडलं तर ठेवा, नाहीतर सुट्टी संपली की परत नेतो, तिकडे घेणारे आहेत.

माझं मत मी लगेच दिलं. ठेवा. खड्डे कमी होतील.

शरिफाभाभींचंही तेच मत. खोकं भरायचं थांबेल, हे त्यांचं कारण.

अजमलभाई मात्र होय की नाही ते बोलेनात. मशीन हातात घेत, काच पुसत, अंगणात फिरत आणि ठेवून देत. मी विचारलं तर म्हणाले, "सयाजी, हे मला विचारीतच नाय. सांगतंय फक्त." मला वाटलं, म्हातारा माणूस जुन्या वस्तूला चिकटून बसला आहे.

जुलै निम्मा सरला आणि वरंधच्या एका वाडीतून कमळाबाईंचा निरोप आला.

कमळाबाई पन्नाशीच्या. नवरा नसलेल्या, पण शेत एकाही पुरुषापेक्षा कमी पिकवत नसत. तोंडाच्या फटकळ. त्यांच्या आईचं सोन्याचं वेढणं, म्हणजे तारेचे वेढे घातलेली बोटातली अंगठी, राबात रोप उपटताना गेलं होतं. सकाळी बोटात होतं. दुपारी हात धुताना नव्हतं. मधल्या वेळात त्या राबातून उठल्या नव्हत्या.

राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर पालापाचोळा, शेण, टहाळं पसरून माती भाजतात आणि पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरतात. रोप हातभर झालं की बायका ओळीने बसून ते उपटतात, मूठभर मूठभर बांधतात आणि त्या मुठी लावणीच्या खाचरात नेतात. ओल्या, थंडीने आकसलेल्या बोटातून अंगठी निसटायला याहून चांगली जागा नाही.

आम्ही दोघे एसटीने गेलो. जुनंच मशीन घेतलं होतं. अजमलभाईंनी राबावर कडं धरलं आणि लगेच कानातला भोंगा काढला. मला ऐकायला दिला. मला ऐकू येतं थोडंच, पण तो आवाज माझ्याही कानात शिरला. सगळा राब ओरडत होता. बांधावर कडं नेलं की गुणगुण खाली येई. राबावर आणलं की पुन्हा वर.

"काय हाय ते?" कमळाबाईंनी विचारलं.

"बघू," अजमलभाई म्हणाले.

मग मी खणलं. चिखल घमेल्यात घ्यायचा, पाण्यात कालवायचा, बोटांनी चाचपायचा, ओतायचा. राबाचा एक पूर्ण कोपरा असा काढला. कोळशाचे तुकडे निघाले, एक घासलेटच्या दिव्याचं झाकण निघालं. वेढणं निघालं नाही. परत निघताना अजमलभाई "मला गावलं नाय, परत येतो," म्हणाले आणि राबातली ओंजळभर माती रुमालात बांधून घेतली. दुसऱ्या रुमालात बांधावरची.

मी एसटीत काही बोललो नाही. पाठ बोलत होती.

त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चुलीजवळ भांडण चाललं होतं. अजमलभाईंनी बांधावरची माती तव्यावर भाजायला टाकली होती आणि शरिफाभाभी पीठ मळून उभ्या होत्या. "आधी ह्यांची माती, मग आमची भाकरी," त्या मला म्हणाल्या. माती लालभडक झाली, निवली. अजमलभाईंनी ती कड्यासमोर धरली. सूर चढला. न भाजलेली माती धरली तर जेमतेम हलला. पुन्हा करून पाहिलं. चुलीच्या विटेचा तुकडा धरला, तोही बोलला. त्यांचा चेहरा इतका खूश झाला की जणू वेढणंच मिळालं.

"माती भाजली की तिच्यातलं लोखंड जागं होतंय," ते म्हणाले. "राब दरसाल भाजतात. म्हणून तो वरडतो."

मी म्हटलं, मग त्या मशीनने राबात शोधणं म्हणजे जत्रेत हाक मारणं. त्यांनी मान हलवली. शोएब दारात उभा होता. नवं मशीन आधीच पिशवीत भरलेलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघे गेलो. वाडीतल्या बऱ्याच बायका लावणी सोडून बांधावर आल्या होत्या. शोएबने मशीन जमिनीवर वरखाली केलं, दोन बटणं दाबली आणि राब गप्प झाला. मी मुद्दाम कान जवळ नेला. काहीच नाही. मग त्याने स्वतःची अंगठी काढली, कमळाबाईंच्या हातात दिली आणि आपण पाठ करून उभा राहिला. तुम्हाला वाटेल तिथे पुरा म्हणाला. कमळाबाईंनी ती कोपरापर्यंत हात घालून पुरली. शोएब फिरला, थोडं चालला आणि थांबला. काचेत आकडा आला. मी एकच फावडं मारलं. अंगठी वर.

बायका कौतुकाने हसल्या. मीही. एका फावड्यात वस्तू निघाली असं माझ्या हातून कधी घडलं नव्हतं.

मग त्याने राब ओळीओळीने काढला. एक सेफ्टी पिन मिळाली. एक चांदीचं जोडवं मिळालं, ते कमळाबाईंच्या सासूचं निघालं. सासू जाऊन जमाना झालेला. कमळाबाई ते जोडवं पुसून बघत राहिल्या. राब संपला. कडेचा पाट संपला, हात धुतले ती जागाही झाली. वेढणं नव्हतं.

"म्हणजे हितं नायच?" कमळाबाईंनी विचारलं.

"शंभर टक्के नाही," शोएब म्हणाला.

कमळाबाईंनी अजमलभाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अजमलभाईंनी काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाय. हितं नाय."

त्यांच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मला तेव्हा बरंच वाटलं. काम पुरं झालं, खड्डा उरला नाही.

बांधावर बायकांच्या माना एकेक करून एकाच बाजूला वळल्या. तिथे तुळसा उभी होती. तिशीची, काटक. नवरा मुंबईला एका हॉटेलात कामाला, हिचं एक छोटं खाचर आणि दोन पोरं. राबात त्या दिवशी कमळाबाईंच्या मांडीला मांडी लावून तीच बसली होती. तुळसाने त्या माना पाहिल्या, पदर खोचला आणि लावणीला निघून गेली.

परत येताना अजमलभाईंनी शोएबला विचारलं की शंभर टक्के कशाला म्हणालास. शोएब म्हणाला, शंभरच होते चाचा, एकशेएक असते तर एकशेएक म्हणालो असतो. तो हसला. अजमलभाई हसले नाहीत.

मग पाऊस लागून राहिला आणि आम्हीही घरात राहिलो. शोएबची सुट्टी संपत आली होती. अजमलभाईंचा निर्णय होत नव्हता. मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. राब ओरडला तिथे नव्या मशीनने काम केलं, जुन्याने माझी पाठ मोडली. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "काम झालं म्हणतोस, तर वेढणं कुठं हाय?"

त्याचं उत्तर चार दिवसांनी चालत आलं. तुळसा आली. एकटी, घोंगडीची खोळ पांघरून, पहिल्या एसटीने. पडवीत बसली नाही. शरिफाभाभींनी पाणी दिलं तेही बाजूला ठेवलं.

"तुमच्या मिशनीनं मला चोर केली," ती अजमलभाईंना म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते असं. वाडीत लावणी पैऱ्याने होते. आज सगळ्यांनी एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, हाताच्या बदल्यात हात. तुळसाने सगळ्यांच्या खाचरात हात लावले होते. तिची पाळी आली त्या सकाळी कोणीच आलं नाही. एकीचं पोरगं आजारी, एकीचं डोकं दुखत होतं. कमळाबाईंनी तेवढं कारणही सांगितलं नाही. मुठी चिखल केलेल्या खाचरात तशाच उभ्या आहेत. पानं पिवळी पडायला लागली. एकटीने लावायचं म्हटलं तर निम्म्या मुठी सडतील. यंदा पोरांना भात नाही.

"आणि ते रोप माझं पण नाय," ती म्हणाली. "माझा राब व्हाळाच्या पाण्यानं नेला. हिनंच दिलं होतं उरलेलं. आता ते मागायला येईल, तर घेऊन जा म्हणावं."

अजमलभाई इतका वेळ खाली बघत होते. आता त्यांनी मान वर केली.

"कोणी दिलं?"

"कमळावयनीनं."

"कधी?"

"त्याच दिवशी. जेवायच्या आधी. मुठी उरल्या, मला म्हणाली ने. मी दोन भारे नेले."

"मुठी कोणी बांधलेल्या?"

तुळसा वैतागली. ते कोण लक्षात ठेवतं, सगळ्याच बांधत होत्या, असं म्हणाली. अजमलभाई उठून उभे राहिले होते. मी त्यांना ओळखतो. खोक्यातली वस्तू हातात फिरवताना चेहरा होतो तसा झाला होता.

"कमळाबाईंनी त्या मुठी बघितल्या नायत?"

"दिलेलं रोप कोण बघतं?" तुळसा म्हणाली.

त्या वाडीची ती रीत होती. रोप उरलं की ज्याचं कमी पडलं त्याला द्यायचं. दिलं की त्याच्याकडे वळून बघायचं नाही, परत विचारायचं नाही, नाहीतर दोघांचं पीक बसतं असं मानत. कमळाबाईंनी राब हाताने उकरला होता. स्वतःच्या खाचरातल्या मुठी सोडताना बघितल्या होत्या. दिलेल्या मुठींचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता, किंवा आला असेल तर त्यांनी तो बाजूला सारला होता. आणि आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. आम्ही मशीन घेऊन थेट राबात उतरलो होतो.

शोएब लगेच म्हणाला, चला, आत्ता तिच्या खाचरात जाऊन बघू. अजमलभाई म्हणाले, थांब. आपण तुळसाच्या खाचरात गेलो, वेढणं तिथे मिळालं, तर लोक काय म्हणतील? तिनेच लपवलं होतं, मशीन आल्यावर सापडलं. ते मिळणं न मिळण्यापेक्षा वाईट. हे तुळसालाही तेवढ्यात कळलं. ती पायरीवर बसली. तेव्हा कुठे ती पाणी प्यायली.

दुपारी आम्ही वाडीत पोचलो ते आधी कमळाबाईंच्या दारात. अजमलभाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की मला अजून शोधायचं आहे, पण तुम्ही आलात तर. कुठे ते कळल्यावर त्या म्हणाल्या, मी तिच्या बांधावर पाय ठेवणार नाही. अजमलभाईंनी सांगितलं की मुठीला हात फक्त तुम्ही लावायचा. आम्ही नाही, तुळसा तर नाहीच.

"आणि गावलं तिच्यात, तर?" कमळाबाईंनी विचारलं.

"तर तुम्ही बघाल कसं गावतंय ते."

त्या उंबऱ्यातून आत वळल्या. मग इरलं घेतलं. दोन घरं पुढे गेल्यावर आणखी दोघी मागे लागल्या. डोकं दुखणारी त्यात होती.

तुळसाच्या खाचरात मुठी जागोजागी पाण्यात उभ्या होत्या. अजमलभाईंनी नवं मशीन बांधावर आडवं ठेवलं, कडं एका फळीवर टेकवलं. जमिनीवर फिरवायची गरजच नव्हती, मूठ उचलून कड्यावर धरायची. मी त्यांना हळूच म्हटलं, हे जुन्यानेही झालं असतं, मूठ हवेत धरली की माती कुठे आली? ते म्हणाले, "झालं असतं. पण जुनं घेऊन आपण आज राबाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो." दुसरा कोपरा मीच खणत असतो.

कमळाबाई खाचरात उतरल्या. एक मूठ उचलायची, मुळं पाण्यात झटकायची, कड्यावर धरायची, मागे ठेवायची. काम म्हटलं की त्यांचे हात आपोआप वेग घेत. तुळसा पलीकडच्या बांधावर हाताची घडी घालून उभी होती. मूठ, झटका, शांतता. मूठ, झटका, शांतता. एका भाऱ्याच्या मुठी झाल्या. मला वाटायला लागलं की अजमलभाईंचा अंदाज चुकला आणि आता तुळसाचं काही खरं नाही.

दुसऱ्या भाऱ्यातली एक मूठ कड्यावर आली आणि मशीन बोललं. काचेत आकडा उठला. तोच, शोएबच्या अंगठीला उठला होता त्याच्या जवळचा.

कमळाबाईंनी मूठ मागे घेतली. मशीन गप्प. पुन्हा धरली. बोललं.

"सोडा," अजमलभाई म्हणाले. "पण आधी गाठ बघा."

मुठीचा बंद रोपाच्याच काडीचा असतो. प्रत्येक बाईची बांधायची तऱ्हा वेगळी. जन्मभर तेच करून हाताला वळण पडतं. कमळाबाईंनी मूठ फिरवली. गाठ दोन पिळांची होती आणि टोक खालून आत खोचलेलं. बांधावरची एक म्हातारी म्हणाली, "कमळे, ही तुझीच गो." दुसरीने मान फिरवली.

कमळाबाईंनी बंद सोडला. वेढणं चार काड्यांभोवती अडकलं होतं, मुळांच्या वर, चिखलाने भरलेलं. त्यांनी मूठ आवळताना बोटातून निसटलं आणि त्यांनीच ते आत बांधून टाकलं होतं. बांधली ती त्यांनी, दिली ती त्यांनी. तुळसाने फक्त उचलून नेली. आणि पैऱ्याला सगळ्या आल्या असत्या तर घाईत कोणीतरी ती मूठ सोडून, रोपाबरोबर वेढणं चिखलात खोचून पुढे गेली असती. ते मला घरी गेल्यावर सुचलं.

कमळाबाईंनी वेढणं खाचराच्या पाण्यात धुतलं. बोटात घातलं नाही, कनवटीला लावलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि तुळसाकडे बघून म्हणाल्या, "तुझं रोप उद्या लावायला हवं. पिवळं पडलंय."

माफी म्हणून त्यांना एवढंच जमत होतं, हे मला दिसत होतं. तुळसालाही दिसलं असणार. पण ती कमळाबाईंकडे न बघता अजमलभाईंकडे आली.

"भाई, तुम्ही राबावर सगळ्यांच्या पुढं नाय म्हणालात," ती म्हणाली. "आज हितं तिघी हायत. बाकीच्यांना कोण सांगणार?"

अजमलभाईंनी मशीन शोएबच्या हातात दिलं आणि ते वाडीत गेले. घरोघरी. मी बरोबर होतो. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं, की मी त्या दिवशी म्हणालो ते राबापुरतं होतं, वेढणं कमळाबाईंच्या मुठीत होतं, त्यांच्याच गाठीत, आणि मी आधी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. एका घरात बाईने चहा ठेवला, तो घेतला नाही, पुढचं दार गाठायचं होतं. कंबर धरून ते चढण चढले आणि उतरले. खणण्याच्या कामात मी त्यांना कधी इतकं दमलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. बोलावलं नव्हतं, तरी गेलो. तुळसाच्या खाचरात सगळ्या आल्या होत्या, पोरगं आजारी असलेलीही. कमळाबाई ओळीच्या टोकाला होत्या. तुळसा मधे. दोघी बोलत नव्हत्या, पण एकीच्या हातातल्या मुठी संपल्या की दुसरी न बघता मागे मूठ फेकत होती.

शोएबची सुट्टी दोन दिवसांत संपत होती. बांधावर उभं राहून त्याने विचारलं, "चाचा, मग काय ठरलं? मशीन ठेवू की नेऊ?"

"ठेव," अजमलभाई म्हणाले. "तुझे ते शंभर टक्के मात्र दुबईला घेऊन जा."

शोएब म्हणाला, मग लोकांना सांगणार काय? अजमलभाई म्हणाले, आधी सांगायचंच नाही. आधी विचारायचं. त्या दिवशी हात कुठे कुठे गेले, कोणाला काय दिलं, काय उचललं, काय बांधलं. ते सगळं ऐकून झालं की मग बटण दाबायचं. शोएबला त्यात किती वेळ जाईल असं वाटलं. मी त्याला सांगितलं की खणण्यापेक्षा कमीच जाईल.

पुढे तसंच चाललं. लोक कंटाळायचे, म्हणायचे, भाई, मिशन लावा की आधी. भाई त्यांना बसवून दिवसभराचं काम पहिल्यापासून सांगायला लावायचे. निम्म्या वेळा वस्तू त्या सांगण्यातच मिळायची आणि मशीन पिशवीतून निघायचंही नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तुळसाने आमचं बोलणं ऐकलं होतं. ती ओळ सोडून बांधापाशी आली आणि तिने एक मूठ अजमलभाईंच्या पायाजवळ टाकली.

"हात मोकळे हायत तर उतरा," ती म्हणाली. "पैऱ्यात उभं राहून गप्पा मारायची रीत नाय."

अजमलभाई लेंगा वर खोचून उतरले. मी पण. त्यांनी मूठ सोडली आणि लावायला लागले. माझी ओळ सरळ होती. त्यांची पहिल्या चार पावलांतच बांधाकडे वळली. बायका हसल्या. तुळसा मागून आली, त्यांची रोपं उपटली आणि एकेक करून पुन्हा सरळ लावत गेली.